आंब्यावरून पडलेल्या माणसाच्या किडनीचं काय होतं?

एप्रिल उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. आंबा काढताना फांदी मोडली, नाहीतर माडावरून पाडेलीचा पाय सुटला. चार ओळींची बातमी 'पुढील उपचारासाठी गोव्यात बांबोळीला हलवण्यात आले' किंवा 'कोल्हापूरला हलवण्यात आले' इथे संपते. त्याच माणसाबद्दल काही वर्षांनी वाडीत कळतं की तो गेला. कशाने? तर किडनी फेल झाली. मग तर्क सुरू होतात. गोळ्यांची उष्णता असेल, दारू प्यायचा, कोणी काहीतरी केलं असेल. पाठीवर पडलेल्या माणसाची किडनी का जावी, हे सहसा कोणाला सांगता येत नाही. घरच्यांनाही डिस्चार्जच्या वेळी कोणी ते नीट सांगितलेलं नसतं.

याला कारण आहे आणि ते गूढ नाही. ते समजलं की अशातले बरेचसे मृत्यू टाळता येतात, तेही महागड्या यंत्रांशिवाय.

मणका मोडतो तेव्हा काय तुटतं?

मणका म्हणजे हाड. हाड जुळतं, स्क्रू घालून पक्कंही करता येतं. खरा प्रश्न मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूचा असतो. मेंदूचे हुकूम खाली नेणारा आणि खालच्या खबरा वर आणणारा हा नसांचा दोर मेंदूपासून निघून साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत येतो. त्याच्या खाली नुसता नसांचा झुबका असतो. दोर चेपला किंवा तुटला तर त्या जागेच्या खालचं शरीर मेंदूपासून तोडलं जातं. लोकांच्या नजरेत येतात ते लुळे पाय. पण त्याच दोरातून लघवीचा, शौचाचा, घामाचा आणि रक्तदाबाचा कारभारही चालतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही.

उंचावरून पडणाऱ्यांचा मणका बऱ्याचदा छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथे मोडतो. मज्जारज्जूच्या शेपटाचं टोक नेमकं तिथेच असतं आणि लघवीचं स्थानिक केंद्रही त्याच टोकात असतं. म्हणून झाडावरून पडलेल्यांच्या बाबतीत लघवीचा प्रश्न हटकून येतो. चिरेखाणीत पडलेले, होडीच्या डेकवर आपटलेले खलाशी, मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकीवरून उडालेले तरुण यांचीही गत तीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दीड कोटीहून जास्त माणसं मज्जारज्जूची इजा घेऊन जगत आहेत. श्रीमंत देशांत अशा माणसाचं आयुष्य आता पुष्कळ लांबलं आहे. गरीब देशांत मात्र टाळता येण्याजोग्या गोष्टींनीच माणसं दगावतात, म्हणजे बेडसोअरने (एकाच जागी पडून-बसून होणाऱ्या जखमांनी) आणि लघवीच्या मार्गाच्या आजारांनी.

लघवी होते म्हणजे काय होतं?

दोन्ही मूत्रपिंडं, म्हणजे आपण ज्यांना किडनी म्हणतो ती, रात्रंदिवस थेंब थेंब लघवी तयार करतात. दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर. ती दोन बारीक नलिकांतून खाली मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. भरताना ती सैल राहते आणि तोंडाशी असलेला गोल स्नायू, म्हणजे द्वार, आवळलेला राहतो. पिशवीत चारशे-पाचशे मिलीलिटर सहज मावतं, पण त्याच्या बऱ्याच आधी खालून मेंदूला खबर जाते. मेंदू म्हणतो थांब, पाहुणे बसलेत. योग्य जागा मिळाली की तो परवानगी देतो. मग पिशवी आकसते आणि त्याच क्षणी द्वार सैल पडतं.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पिशवी आकसणं आणि द्वार उघडणं एकाच वेळी झालं पाहिजे, आणि ही जुळणी मेंदूच्या बुडाशी असलेलं केंद्र करतं. दोर तुटला की जुळणी करणारं कोणी उरत नाही.

एक सैल, एक चिडकं

इजेनंतरचे पहिले काही आठवडे, कधी काही महिने, मज्जारज्जू सुन्न पडलेला असतो. मूत्राशय लोळागोळा होतं. भरत जातं, ताणत जातं, कळ येत नाही. म्हणून दवाखान्यात पहिल्याच दिवशी नळी घालतात. त्या काळात ती लागतेच, कारण फार ताणलेला स्नायू पुढे कायमचा कमजोर होऊ शकतो.

सुन्नपणा ओसरल्यावर दोन वाटा फुटतात. शेपटाचं टोक किंवा खालचा नसांचा झुबकाच चेपला असेल तर मूत्राशय सैलच राहतं. ते स्वतःहून आकसत नाही. तुडुंब भरलं की वरून थोडं थोडं गळतं. घरचे म्हणतात, 'लघवी होतेय की!' प्रत्यक्षात ते ओसंडणं असतं, आत अर्धा लिटर तसंच पडलेलं असतं.

इजा त्या टोकाच्या वर असेल तर उलट घडतं. स्थानिक केंद्र जिवंत असतं पण त्यावर मेंदूचा अंकुश नसतो. मूत्राशय चिडकं होतं, थोडं भरलं की आकसतं. आणि नेमक्या त्याच वेळी द्वारही आवळतं. आतून जोर, तोंड बंद. पिशवीतला दाब चढत जातो, थोडी लघवी उडते, कपडे ओले होतात, बाकीची आतच राहते. झाडावरून पडलेल्यांची इजा दोन्हींच्या सीमेवर असल्यामुळे त्यांच्यात कधीकधी याची-त्याची मिसळ असते. म्हणून शेजारच्या गावातल्या रुग्णाला जी गोळी चालली ती आपल्याला चालेलच असं नाही.

रुग्णाला आणि घरच्यांना सगळ्यात जास्त छळतं ते ओलं होणं. वास, चादरी, लाज. पण ओलेपणाने माणूस मरत नाही. आत चढलेला दाब जिवावर उठतो आणि तो दिसत नाही, दुखतही नाही, कारण दुखण्याची खबर नेणारा दोरच तुटलेला असतो.

खारेपाटातली उघाडी

पेण-अलिबागकडच्या खारेपाटात ज्यांची शेती आहे त्यांना पुढचं पटकन कळेल. खाडीचं खारं पाणी भातशेतीत घुसू नये म्हणून बांध घालतात आणि बांधात उघाडी ठेवतात. तिची झडप एकाच बाजूला उघडते. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचंच पाणी झडप दाबून बंद करतं.

मूत्रपिंडाकडून येणारी नलिका मूत्राशयात शिरते तिथे अशीच व्यवस्था आहे. ती पिशवीच्या भिंतीतून तिरकी येते, त्यामुळे मूत्राशय भरल्यावर भिंतीच्या दाबाने तिचं तोंड मिटतं आणि लघवी उलटी वर जात नाही. वर मूत्रपिंडाचं शेत, खाली मूत्राशयाची खाडी.

आता समजा ओहोटी येतच नाही. खाडी सदा तुडुंब. पहिली गोष्ट अशी होईल की झडप शाबूत असूनही शेतातलं पाणी बाहेर पडणार नाही आणि शेतातच तुंबेल. सोनोग्राफीच्या कागदावर 'किडनी सुजली आहे' असं जे लिहून येतं ते हे तुंबणं. दुसरी गोष्ट आणखी वाईट. सततच्या दाबाने बांध खचतो, झडप निकामी होते, खारं पाणी आत शिरतं. जंतू असलेली लघवी मूत्रपिंडात चढते, थंडी वाजून ताप येतो आणि दर वेळी मूत्रपिंडाचा थोडा भाग कायमचा मरतो. नापीक झालेली खारजमीन निदान काही वर्षांत धुऊन निघते. मूत्रपिंडाचा मेलेला भाग परत येत नाही.

दाब किती चढला की धोका, याचाही अभ्यास झाला आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतले एडवर्ड मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतःच कण्यात दोष असलेल्या मुलांची पाहणी केली. ज्या मुलांच्या मूत्राशयात ४० सेंटीमीटर पाण्याइतका दाब चढल्याशिवाय लघवी गळत नव्हती, त्यांच्या मूत्रपिंडांची हानी फार जास्त होती. तो आकडा आजही डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवतात. म्हणजे ज्याचे कपडे फारसे ओले होत नाहीत तो रुग्ण जास्त धोक्यात असू शकतो. 'आमचा अगदी कोरडा असतो हो' हे कौतुकाने सांगितलेलं वाक्य ऐकलं की जाणत्या डॉक्टरच्या कपाळावर आठी येते.

मग उपाय काय? ठरल्या वेळी ओहोटी आणायची

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक फार दिवस जगले नाहीत. लघवीतला जंतुसंसर्ग आणि बेडसोअर यांनीच ते गेले. चित्र पालटलं दुसऱ्या महायुद्धात. नाझी राजवटीतून इंग्लंडला निसटलेले लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथे अशा सैनिकांसाठी केंद्र सुरू केलं. त्यांची ख्याती आहे ती १९४८ मध्ये व्हीलचेअरवरच्या सैनिकांच्या स्पर्धा भरवल्याबद्दल, ज्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं ते त्याच स्पर्धांत. पण गुटमन यांचा वॉर्डातला हट्ट होता त्वचेचा आणि मूत्राशयाचा. नळी आत ठेवून द्यायची नाही, दिवसातून काही वेळा घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि काढून घ्यायची. ही पद्धत त्यांनी आणि हान्स फ्रँकेल यांनी १९६६ मध्ये सविस्तर मांडली. तिथे मात्र डॉक्टर हातमोजे घालून, सगळं निर्जंतुक करून नळी घालत. खेड्यातल्या माणसाला हे कसं जमणार?

त्याचं उत्तर १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी दिलं. रुग्णाने स्वतः, साबणाने धुतलेल्या हातांनी, धुतलेली नळी घातली तरी चालतं. ऐकणाऱ्यांना तेव्हा हा अडाणीपणा वाटला. लॅपिडिस यांचा मुद्दा असा होता की जंतू थोडेफार आत जाणारच, पण मूत्राशय फार ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि ती जंतूंशी लढू शकत नाही. तेव्हा हातमोज्यांपेक्षा वेळेवर रिकामं करणं महत्त्वाचं. गेली पन्नास वर्षं हा मुद्दा टिकून आहे. या पद्धतीला क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन म्हणतात, डॉक्टर सीआयसी म्हणतात. आपण 'वेळेची नळी' म्हणू.

करायचं असं. दर चार ते सहा तासांनी नळी घालायची, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा. मोठ्या माणसाला साधारण बारा किंवा चौदा नंबरची लागते. बारा नंबर म्हणजे चार मिलीमीटर जाडी, कारण नंबराला तीनने भागलं की मिलीमीटर मिळतात. हात साबणाने धुवायचे, जागा साबण-पाण्याने धुवायची, नळीला पाण्यात विरघळणारी जेली लावायची. कोकणात घरोघरी हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल लावलं जातं, ते टाळा. तेल पाण्यात विरघळत नाही आणि रबरी नळी खराब करतं. जोर लावायचा नाही. अडलं तर क्षणभर थांबून श्वास सोडायचा, हळूच पुन्हा बघायचं. लघवी थांबली तरी नळी लगेच उपसायची नाही, हळूहळू बाहेर घ्यायची, वाटेत उरलेली लघवी येते.

वेळ घड्याळ ठरवतं की आकडा? दोन्ही. सुरुवातीचे काही दिवस खुणा असलेल्या भांड्यात लघवी मोजून वहीत लिहा. एका वेळी चारशे-पाचशेच्या वर जात असेल तर नळीची वेळ अलीकडे आणा. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांच्या पायांत दिवसभर पाणी उतरतं, रात्री आडवं झाल्यावर ते रक्तात परत येऊन लघवी वाढते. म्हणून झोपण्यापूर्वीची नळी चुकवू नये आणि संध्याकाळनंतर पाणी बेताने प्यावं.

मूत्राशय चिडकं असेल तर नुसती नळी पुरत नाही. दोन नळ्यांच्या मधल्या काळात दाब कमी ठेवायला ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी लागते. तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, घाम कमी येतो. वरच्या भागात इजा असेल तर खालच्या अंगाला आधीच घाम नसतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात असा माणूस तापतो, आणि तो ताप जंतूंचा समजून अँटिबायोटिक सुरू होतं. आधी ओलं फडकं, पंखा आणि सावली करून बघा. उतरला नाही तर पुढचं.

'रोज चार-पाचदा नळी घालूची? जखम होवची नाय?'

हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि तो रास्त आहे. घाई केली, जेली नसली, नळी फार जाड असली तर जखम होते. पुरुषांमध्ये कित्येक वर्षांनी मार्ग अरुंदही होऊ शकतो. पण नीट शिकलेली माणसं वर्षानुवर्षं ही पद्धत वापरतात. 'सवय लागेल' ही भीती मात्र खोटी आहे. दोर जोडलेला नसताना मूत्राशय नळीमुळे आळशी होत नाही.

'त्यापेक्षा कायमची नळी बरी'

फुगा असलेली, पिशवी जोडलेली फॉली नळी. आपल्याकडे बहुतेक माणसं हीच घेऊन घरी येतात, कारण डिस्चार्जच्या घाईत दुसरं शिकवायला कोणाला वेळ नसतो. दिसायला सोपी, पण जंतूंना ती चोवीस तास उघडा रस्ता देते. काही दिवसांत नळीवर थर बसतो, खडे होतात, नळी तुंबते. पुरुषांत मार्गाला भोक पडू शकतं. मूत्राशय आखडून लहान होतं आणि कित्येक वर्षांनी कर्करोगाचा धोकाही वाढतो.

तरी कायमची नळी म्हणजे गुन्हा नव्हे. मानेला इजा होऊन हात चालत नसतील, घरात म्हातारी आई एकटीच असेल, तर तीच लागते. अशा वेळी लघवीच्या मार्गातून घालण्यापेक्षा बेंबीखाली पोटातून बसवलेली नळी बऱ्याचदा सोयीची ठरते. बदलायला सोपी आणि मार्गाची नासाडी नाही. ठरावीक आठवड्यांनी बदलायची, मांडीला किंवा पोटाला चिकटवायची म्हणजे ओढली जात नाही. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी. रुग्णवाहिकेत ती रुग्णाच्या पोटावर ठेवतात, तेव्हा पिशवीतली जुनी लघवी जंतूंसकट परत आत जाते. हे बघितलंत तर बिनदिक्कत टोका.

'पोट दाबून काढतो आम्ही'

जुन्या पिढीला दवाखान्यातूनच हे शिकवलेलं असायचं. पण द्वार बंद असताना वरून दाबलं तर दाब मूत्रपिंडाकडेच जातो. फक्त द्वार पूर्ण सैल असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर तपासून परवानगी देतात. लघवी होते म्हणून पद्धत बरोबर आहे असं होत नाही.

'पाणी कमी प्यायलं की झालं!'

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. ओटीवर माणसं, माजघरात माणसं, नळी घालायला आडोसा नाही. ज्याला नळी घालायची तो पाणीच पिणं सोडतो. पाच दिवस निभावतात आणि सहाव्या दिवशी थंडी-ताप. दाट लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, तेही विभागून. शहाळं, कोकम सरबत हेही त्यातच मोजा. मात्र मूत्रपिंडं आधीच कमजोर झाली असतील तर शहाळ्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. पोटाला थंड म्हणून डोळे मिटून देऊ नका. आणि गणपतीत एक खोली त्या माणसासाठी राखून ठेवा, किंवा मागीलदारी पडदा तरी लावा. पाहुणे समजून घेतात, नाही घेतलं तर त्यांचं ते बघतील.

'लघवी गढूळ आहे, अँटिबायोटिक द्या'

नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू सापडतातच. कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, कागदावर जंतूचं नाव आलं म्हणून गोळ्या सुरू करायच्या नसतात. जंतू आहेत पण त्रास नाही, तर सहसा उपचारही नाही. गरोदर स्त्री आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण हे अपवाद. दर वेळी गोळ्या घेतल्या की साधे जंतू मरतात आणि निगरगट्ट उरतात. मग खरा ताप येतो तेव्हा महागड्या इंजेक्शनांशिवाय काही चालत नाही.

खऱ्या इन्फेक्शनच्या खुणा म्हणजे ताप-थंडी, पायांचे झटके अचानक वाढणं, एरवी कोरडा असताना गळायला लागणं, अंग गळून जाणं, लघवीत रक्त. असं काही दिसलं तर लघवी कल्चरला द्या, मग औषध. नुसता वास किंवा गढूळपणा असेल तर आधी पाणी वाढवा, नळीच्या वेळा पाळा, दोन दिवस बघा.

डोकं फुटेल असं दुखतंय? आधी नळी बघा

हा भाग घरात सगळ्यांना वाचून दाखवावा असा आहे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर मूत्राशय तुंबल्यावर दुखत नाही, पण रक्तदाब एकाएकी चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम सुटतो. झटका येऊ शकतो, जीव जाऊ शकतो. अशा रुग्णांचा एरवीचा रक्तदाब नव्वद-शंभरच असतो, त्यामुळे १४० दिसला तरी तो त्यांना फार झाला. नेहमीचा रक्तदाब एका कार्डावर लिहून जवळ ठेवा, कारण नवीन डॉक्टर '१४० काही विशेष नाही' म्हणून घरी पाठवील.

करायचं काय? आडवं करू नका, उठून बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, घट्ट कपडे सैल करा. कायमची नळी असेल तर कुठे मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. तुंबली असेल तर बदला. वेळेची नळी असेल तर ताबडतोब घाला. मूत्राशय रिकामं झालं की बहुतेकदा रक्तदाब मिनिटांत उतरतो. नाही उतरला तर शौचाचा खडा, बेडसोअर, बोटात रुतलेलं नख ही कारणं शोधत थेट रुग्णालयात.

बायकांचं काय?

पुरुषांना बाहेरून लावायचा कंडोमसारखा कॅथेटर तरी असतो. स्त्रियांना तो नाही. त्यात रचनेमुळे मार्ग दिसत नाही. सुरुवातीला आरसा धरून, मग बोटांच्या अंदाजाने घालता येतं, आणि स्त्रियांचा मार्ग आखूड असल्याने एकदा जमलं की पुरुषांपेक्षा पटकन होतं. अडतं ते शिकवणाऱ्यापाशी. नवरा पडला तर बायकोने शिकायचं हे गृहीत असतं. बायको पडली तर कोणी शिकायचं, यावर घर गप्प बसतं आणि तिला कायमची नळी बसते. तिचे हात चालत असतील तर पहिला हक्क तिचा, तिलाच शिकवा. पाळी चालू असतानाही नळी घालता येते, आणि गरोदर राहणंही शक्य आहे, फक्त तेव्हा लघवीवर जास्त लक्ष हवं.

एकच नळी पुन्हा वापरायची?

पाकिटावर 'एकदाच वापरा' लिहिलेलं असतं. दिवसाला पाच म्हणजे महिन्याला दीडशे नळ्या. साधी नळी स्वस्त असली तरी दीडशेचा हिशोब मजुराच्या घराला झेपत नाही, आणि निसरड्या अस्तराची नळी तर कित्येक पट महाग. त्यामुळे आपल्यासारख्या देशांत साध्या नळ्या धुऊन पुन्हा वापरल्या जातात. आदर्श नाही, पण कायमची नळी किंवा तुंबलेलं मूत्राशय यांपेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं ठाम मत आहे. किती दिवस वापरावी याचा सर्वमान्य आकडा नाही. नळी कडक झाली, पांढुरकी पडली, चिरली की टाकायची. एकाची नळी दुसऱ्याला कधीच नाही.

वापरल्याबरोबर आतून-बाहेरून पाण्याने धुवा, साबण लावा, पुन्हा धुवा, झटका आणि पूर्ण वाळू द्या. अडचण वाळण्यातच आहे. जून ते सप्टेंबर कोकणात काहीच वाळत नाही आणि ओल्या नळीत जंतू वाढतात. त्या महिन्यांत तीन-चार नळ्या पाळीपाळीने वापरा म्हणजे प्रत्येकीला वाळायला वेळ मिळेल. नळी चुलीवरच्या धुरात टांगू नका. स्वच्छ फडक्यावर पंख्याखाली वाळवा आणि मग कोरड्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा. मे महिन्यात वाडीवर टँकर येतो तेव्हा हात धुण्याचं पाणी वाचवू नका, दुसरीकडे वाचवा.

पैसा आणि व्यवस्था

शिबिरात व्हीलचेअर वाटली की फोटो छापून येतो. नळ्यांचा फोटो येत नाही. त्यात आपल्या वाड्या उतारावर, घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. व्हीलचेअर पडवीत उभी राहते आणि नळी दिवसातून पाच वेळा लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नळ्या आणि जेली सतत मिळाली, आणि एका नर्सताईला हे शिकवता आलं, तर एवढ्यानेच बऱ्याच जणांचं डायलिसिस टळेल.

हे स्वप्नरंजन नाही. बांगलादेशातही माणसं झाडावरून पडतात, डोक्यावरच्या ओझ्यासकट पडतात. तिथे व्हॅलरी टेलर या इंग्रज फिजिओथेरपिस्टने १९७९ मध्ये सुरू केलेलं सावर इथलं पुनर्वसन केंद्र रुग्णाला आणि घरच्या माणसाला हीच कामं हाताने शिकवून घरी पाठवतं. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयंही सुरू झाली आहेत, म्हणजे सोनोग्राफीसाठी दर वेळी घाट चढायला नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं, त्यावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. रक्कम थोडी आहे, पण नळ्या-जेलीला हातभार लागतो.

डिस्चार्जच्या आधी

पेशंट घरी न्यायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या: इजा कोणत्या पातळीला आहे, मूत्राशय सैल आहे की चिडकं, नळी कितव्या नंबरची आणि किती तासांनी, आणि पहिली सोनोग्राफी कधी. शक्य असेल तर मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी कुठे होते तेही विचारा, मोठ्या शहरात ती होते. नळी घालणं नर्सच्या समोर स्वतःच्या हाताने करून बघितल्याशिवाय गाडी बोलावू नका.

त्यानंतर वर्षातून एकदा मूत्रपिंड आणि मूत्राशयाची सोनोग्राफी, त्रास नसला तरी. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिनही तपासतात, पण पायांचे स्नायू वाळलेल्या माणसात ते मूत्रपिंड बिघडलं तरी नॉर्मल दिसू शकतं. तेव्हा 'क्रिएटिनिन चांगलं आहे, सोनोग्राफी कशाला' असं कोणी म्हटलं, तरी सोनोग्राफी करून घ्या.